चार नंबरची जागा एंगेज आहे

प्रिय चार नंबर,

पाच नंबरचा सप्रेम नमस्कार. (मायन्यावरच बराच वेळ गेला. ‘तीर्थरूप’ लिहावं तर तू माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी, आणि ‘चिरंजीव’ लिहिलं तर भेटशील तेव्हा दंडाला चिमटा काढशील. शेवटी म्हटलं, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बोर्डाच्या ज्या नंबराने आपल्याला हाक मारायचे तेच बरं. आईबापांनी ठेवलेल्या नावाने आता फक्त बँकवाले हाक मारतात, आणि तेही चुकीच्या.) तुझे गुडघे कसे आहेत? सूनबाईंची पाठ? नातीचा पुढचा दात आला का? इकडे आम्ही दोघंही ठीक. ह्यांची नवी कवळी आली आहे. ती ते टीव्ही बघताना लावतात आणि जेवताना काढून ठेवतात. कारण विचारलं तर म्हणतात, जेवताना त्रास देते.

पाकीट बघून दचकली असशील. हल्ली हाताने लिहिलेलं पत्र आलं की घरात आधी रडायची तयारी होते. तर सांगून टाकते, कोणीही गेलेलं नाही. गेले ती मी, आणि मीसुद्धा फक्त चावडीवरून. (सूनबाई हे वाचत असतील तर त्यांच्या माहितीसाठी: चावडी म्हणजे संगणकावरचं ते ठिकाण, जिथे आम्ही एक्स्चेंजच्या सगळ्या निवृत्त बायका जमून गप्पा मारायचो. खरं नाव इंग्रजी आहे, पण आमच्या मॅडमनी, म्हणजे सुपरवायझर बाईंनी, पहिल्याच दिवशी ‘ही तर चावडी आहे’ असं जाहीर केलं, आणि मॅडमनी ठेवलेलं नाव बदलायची हिंमत कोणाची? आणि सूनबाई, आता पुढचं वाचू नका, पत्र तुमच्या सासूबाईंना आहे.)

मी चावडी का सोडली याच्या निरनिराळ्या कथा तुझ्या कानावर आल्या असतील. कानावर म्हणजे डोळ्यांवर. सात नंबर सांगत फिरते की मी जाहिरातींना कंटाळले. तेही खोटं नाही. एकदा मी गुडघेदुखीचा ‘गु’ लिहिला आणि पुढे महिनाभर मला तेलं विकायला माणसं येत राहिली. पण तेवढ्याने कोणी घर सोडत नाही. खरं कारण तुला ठाऊक आहे, आणि ते तुला ठाऊक आहे हेच माझं दुखणं आहे. त्या दुपारी तू लिहिलंस की डॉक्टर म्हणाले, उजव्यापाठोपाठ डावा कानही गेला, आता यंत्र लावूनही उपयोग नाही. मी ते वाचलं. आणि चष्मा काढून पुसायला घेतला. तेवढ्यात त्या मेल्या यंत्राने, म्हातारी अडली आहे बहुतेक असं समजून, तुझ्या मजकुराखाली तीन तयार उत्तरं मांडली. ‘अभिनंदन!’, ‘मस्त!’ आणि एक हसरं तोंड. चष्मा नाकावर चढवताना अंगठा लागला तो मधल्यावर. तुझे दोन्ही कान गेले, आणि पहिल्या क्षणाला माझं उत्तर काय, तर ‘मस्त!’ ते पुसायला गेले तर शेजारी नाचणारं फूल उगवलं.

अगं, मी काय करायला हवं होतं ते आता मलाही कळतं. तिथेच थांबून तुला सगळं समजावून लिहायला हवं होतं. पण माझा राग तुला माहीत आहे. आधी भांडं आपटायचं आणि मग बघायचं दूध होतं का. मी चावडीवर लांबलचक जाहीरनामा लिहिला, की ज्या जागेला माणसाचं दुःख आणि तेलाची बाटली यांतला फरक कळत नाही तिथे राहणं आपल्याला शोभत नाही, मी चालले, ज्यांना स्वाभिमान आहे त्यांनी माझ्यामागून यावं, नवीन जागा मी शोधून देते. आणि खातं बंद केलं. टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या म्हणे. निम्म्या निघाल्याही. आणि माझं सगळं लिखाण खात्याबरोबर पुसलं गेलं, त्यात तुझी माफी मागायला लिहायला घेतलेलं अर्धं वाक्यही गेलं. भांडण झालं यंत्राशी, आणि बेघर झालो तू आणि मी.

तू मागून येणार नाहीस हे माझ्या डोक्यात आलं तेव्हा उशीर झाला होता. तुझ्या मुलाने तुझा संगणक असा लावून दिलाय की बटण दाबलं की चावडीच उघडते, आणि दुसरीकडे जायला बघितलंस तर पासवर्ड मागतो, जो मुलाच्या डोक्यात असतो आणि मुलगा ऑफिसात. मोबाइल तू घेत नाहीस, तुझं बोट एकदम तीन अक्षरांवर पडतं. सुनेच्या मोबाइलवर निरोप पाठवावा, तर सून भली आहे, पण सगळं तिच्या नजरेखालून जाणार म्हटल्यावर आपण सुनेबद्दल बोलायचं कुठे? आणि फोन म्हणजे… जाऊ दे. सव्वीस वर्षं शेजारी बसून अख्ख्या गावाला एकमेकांशी बोलायला लावलं, आणि आता आपल्या दोघींची लाइन लागत नाही. म्हणून हे पत्र. मधल्या काळात मी हातावर हात ठेवून बसले नव्हते एवढं तरी तुला कळू दे.

पहिली जागा जावयांनी सुचवली. (जावई संगणकातले आहेत. मुलगा असता तर ओरडून विचारता आलं असतं, जावयांना मान देऊन विचारावं लागतं, त्यामुळे मला अर्धंच कळतं.) ते म्हणाले, अगदी चावडीसारखीच जागा आहे, पण जाहिराती नाहीत, तयार उत्तरं नाहीत, कोणी पाळत ठेवत नाही. खरंच नव्हतं काही. माणसंही नव्हती. नवीन वसाहतीत पहिलं बिऱ्हाड आपलं असावं, आणि जिन्यात आपल्याच चपलांचा आवाज यावा, तसं झालं. बरं, आपल्या बायका आत आल्या, तर पासवर्डचा घोळ. विसरू नये असा नंबर घ्या असं जावयांनी सांगितलं होतं. आता आपण विसरत नाही असे नंबर कोणते? जुन्या गिऱ्हाइकांचे! मॅडमनी सरकारी दवाखान्याचा घेतला, सात नंबरने लाकडाच्या वखारीचा (का ते तुला आणि मला माहीत आहे, वखारवाल्याचा धाकटा भाऊ आठवतो ना), मी पाणीपुरवठ्याचा. झालं! कोणाचा पासवर्ड काय असेल हे प्रत्येकीला विचार न करता कळत होतं. आठवडाभरात अकरा नंबर मॅडमच्या नावाने कविता टाकत होती, मॅडम सात नंबरच्या नावाने सगळ्यांना शिस्तीचे नियम समजावत होत्या, आणि माझ्या नावाने कोणीतरी चक्क ह्यांच्या घोरण्याबद्दल लिहिलं. मजकूर खरा होता, म्हणून मी तक्रार केली नाही. जावयांनी कपाळाला हात लावला आणि वसाहत बंद केली.

मग आली ती पुसून जाणारी जागा. तिथे काहीही लिहा, दुसऱ्या दिवशी आपोआप नाहीसं. मॅडमना ती फार आवडली. आपल्याला नोकरीत पहिल्या दिवशी शपथ दिली होती ना, लाइनवर ऐकलेलं लाइनवरच विसरायचं, तशी ही जागा त्यांना सरळमार्गी वाटली. पण तेरा नंबरने मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे असं कळवलं, ते निम्म्या जणींनी वाचेपर्यंत उडून गेलं. ज्यांनी वाचलं होतं त्या भेटायला गेल्या. ज्यांनी वाचलं नव्हतं त्यांना नंतर कळलं तेव्हा त्या रुसल्या, आणि आम्ही रुसलो आहोत असं त्यांनी जिथे लिहिलं तेही उडून गेलं. आता कोण कोणावर रुसलं आहे याचा पत्ता नाही. एका परीने सुखच म्हणायचं.

तिसरा प्रयोग आवाजाचा. हा तुला सांगू की नको असं झालं होतं, कारण यात तुला जागाच नव्हती, आणि मी तरीही हो म्हटलं. सगळ्यांनी एकाच वेळी फोन लावायचा आणि एकत्र बोलायचं. जावयांनी जोडून दिलं. एकेक बाई लाइनवर आली, खुट्ट असा आवाज झाला की कळायचं, आली. आणि मग काय झालं असेल सांग? शांतता. अगं, लाइन जोडली गेली की आपण गप्प बसायचं, हे हाडात मुरलंय. लाइन गिऱ्हाइकाची, आपण फक्त जोडून द्यायचं, फार तर हळूच ऐकायचं. तशा आम्ही सगळ्या श्वास रोखून, कोणीतरी बोलेल म्हणून, ऐकत बसलो. कोणाच्या तरी घरचा कुकर वाजला. कोणाच्या तरी नळाखाली बादली भरून वाहिली, तरी ती उठली नाही. माझा चहा गार झाला. ह्यांनी दोनदा येऊन खुणेने विचारलं, कोणी गेलं का? पुष्कळ वेळाने मॅडमचा आवाज आला, ‘छान. शिस्त अजून आहे,’ आणि त्यांनी फोन ठेवला. मग सगळ्यांनी ठेवला. नंतर प्रत्येकीने मला वेगवेगळं कळवलं की फार बरं वाटलं.

मला नाही वाटलं. तिथे ऐकत बसले असताना मला सारखी तुझी आठवण येत होती. हेडफोनखाली कान लाल झालेले, पुढे बोर्डावर लुकलुकणारे दिवे, दोऱ्या एकमेकींत अडकलेल्या, तापलेल्या तारांचा तो वास, आणि डावीकडे तू. पलीकडचा माणूस ‘हॅलो’ म्हणायच्या आधी तू नुसत्या श्वासावरून सांगायचीस, हा रडून आलाय, याला आधी जोड. आणि मी माझ्या दोन लाइनी थांबवून त्याला जोडायची. पलीकडे पाऊस पडतोय, खिडकी उघडी आहे, दाराशी कोणीतरी उभं आहे, हे सगळं तुला ऐकू यायचं. असला कान मी दुसरा पाहिला नाही. तो कान कोणी घेऊन जावा आणि सात नंबरचा ठेवावा (जिला समोरच्याचं कधी ऐकायचंच नसतं), यात काही न्याय आहे का? मला फार राग येतो, आणि त्याहून जास्त वाईट वाटतं. ‘मस्त’च्या जागी मी हे लिहिणार होते. चष्मा पुसून झाल्यावर.

असो. (हा शब्द मॅडमचा. आपण डोळे पुसायला लागलो की त्या ‘असो’ म्हणायच्या आणि दुसरीला बोर्डावर बसवायच्या.) चौथा प्रयोग म्हणजे सरळ भेटायचं. यंत्र नको, जावई नको. मैदानाच्या कडेला तो लांब सिमेंटचा कट्टा आहे, तिथे संध्याकाळी जमायचं ठरलं. जमलो. आता गोल करून बसावं की नाही? पण जी आली ती आपापल्या नंबराप्रमाणे बसत गेली. कोणी सांगितलं नाही, कोणी मोजलं नाही. एका ओळीत, तोंडं समोर, हात पुढे. समोर म्हणजे सायकलींचं दुकान. गप्पा झाल्या त्या सगळ्या सायकलींकडे बघून. दोन नंबर तिच्या जावेबद्दल बोलली ती पंक्चर काढणाऱ्याकडे बघत, आणि तो बिचारा मधेमधे मान डोलवत होता. मजा अशी की मी बसले आणि माझ्या डावीकडे एक माणूस मावेल एवढी जागा मोकळी राहिली. तिच्या पलीकडे तीन नंबर. ती सरकली नाही, मीही सरकले नाही. थोड्या वेळाने फिरायला आलेले एक लठ्ठसे गृहस्थ तिथे टेकायला लागले, तर आम्ही अख्ख्या ओळीने, मॅडमसुद्धा, एका सुरात ओरडलो, ‘एंगेज आहे!’ गृहस्थ अर्धवट बसलेले तसेच उठले आणि माफी मागून गेले. नंतर सगळ्या खूप हसल्या. मीही हसले, पण घरी येईपर्यंत डोळे पुसत आले. ह्यांनी विचारलं, तर म्हटलं, सायकलींची धूळ डोळ्यांत गेली.

त्या दिवशी मला कळलं की मी जागा शोधतच नव्हते. जागा पुष्कळ आहेत. जावई रोज एक नवीन सांगतात. चावडीवर मला काय लागायचं ते सांगू का? जेवण झालं, भांडी झाली, हे आडवे झाले, की मी बसायची, आणि पलीकडे तू बसलेली असायचीस. तू लिहायचीस ‘अगं’. नुसतंच. मग मी लिहायची ‘सांग’. आणि मग पडद्याचा रंग, तुझ्या सुनेने आणलेलं ते न झिजणारं पातेलं, नातीने शाळेत कोणाला चावा घेतला, इथपासून ते मरताना आपल्याला भीती वाटेल का, इथपर्यंत सगळं. बाकीच्या बायकांचे फोटो, फुलं, सुविचार, ते मी नुसते ओलांडून जायची, देवळात जाताना चपलांचा ढीग ओलांडतात तशी. त्यांना हे सांगू नकोस. त्यांना वाटतंय मी त्यांच्यासाठी जागा शोधतेय.

तर आता मी कायमचा निर्णय घेतला आहे. यंत्रावरचं काहीही नको. मी पत्रं लिहीन, तू उत्तरं लिही, जुन्या माणसांसारखं. माणसाला सोडून जाहिरातींच्या नादी लागलेल्या त्या जागेचं मी आता तोंड पाहणार नाही, आणि तिच्यावाचून माझं काहीएक अडत नाही हे मी सर्वांना ठणकावून सांगते. तब्येतीला जप. जिन्यात कठड्याला धर. सूनबाईंना आशीर्वाद (त्या वाचतच असणार), नातीला पापा.

तुझीच,
पाच नंबर

ता. क. — वर ‘तोंड पाहणार नाही’ असं लिहिलं आहे, ते पूर्ण खरं नाही. मागच्या महिन्यात मी चावडीवर पुन्हा खातं उघडलं. फोटो कसा लावायचा ते जावयांना विचारायची लाज वाटली, म्हणून फोटोच्या जागी ती राखाडी बाहुली आहे. नाव घाईत चुकलं, आणि बदलू देत नाहीत, त्यामुळे मी तिथे एक पुरुष आहे. त्या पुरुषाने तुला मैत्रीची विनंती केली, ‘अगं’ असं लिहिलं, तुझ्या नातीच्या फोटोखाली ‘गोड’ लिहिलं, आणि तू त्याला हाकलून दिलंस. चांगलं केलंस, अनोळखी माणसाला असंच करावं. पण तो मी होते. त्याला परत आत घे.

ता. क. २ — आणखी एक. ही पत्राची कल्पना माझी असल्यासारखं मी वर लिहिलं आहे. ती तुझीच आहे. टेलिफोन खात्याने दिलेला जुना फोन तू अजून कपाटावर ठेवला आहेस, आणि त्याचा नंबर मी विसरणं शक्य नाही. दुपारी तुझ्या घरी तुझ्याशिवाय कोणी नसतं आणि तुला घंटा ऐकू येत नाही, हे दोन्ही ठाऊक असून मी रोज तो नंबर फिरवते. तुझ्या घरात घंटा वाजतेय एवढं ऐकते, आणि ठेवते. ह्यांना सांगितलेलं नाही. मागच्या आठवड्यात कोणीतरी उचलला. तूच. बहुधा फडकं मारत होतीस आणि हाताला घंटेची थरथर लागली. तू म्हणालीस, ‘जे कोण असाल त्यांना नमस्कार. मला काही ऐकू येत नाही, तुम्ही पत्र लिहा.’ आणि ठेवलास. मी ‘अगं, मी, मी,’ म्हणत राहिले. आवाज अगदी तसाच आहे तुझा. लगेच कागद आणायला गेले.

ता. क. ३ — आता खरं काम. पत्र पोचलं की दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवण उरकून, त्या फोनवर हात ठेवून बस. थरथरला की उचल आणि बोलायला लाग. काहीही बोल, सुनेबद्दल बोल, मी मधे येणार नाही. आलेच तर तुला कळणार नाही. तू बोल, मी ऐकते, उत्तर टपालाने पाठवते. फक्त एक कर. ट्रंक कॉलची तीन मिनिटं झाली म्हणून सवयीने लाइन तोडू नकोस.